ॲस्बेस्टस कामगार संरक्षण कायदे

ॲस्बेस्टसच्या सूक्ष्म तंतूंपासून कामगारांच्या आरोग्याचे रक्षण करण्यासाठी केलेले कायदे व नियम. ॲस्बेस्टस हे काही तंतुमय सिलिकेट खनिजांचे व्यापारी नाव आहे. उष्णतेला दाद न देणारे हे तंतू छपराचे पत्रे, नळ, ब्रेकचे अस्तर, उष्णतारोधक आवरणे इत्यादींत वापरण्यात आले. श्वासाबरोबर आत गेलेले तंतू फुप्फुसात रुतून राहतात. त्यांमुळे ऊतक कठीण होऊन दम लागतो (ॲस्बेस्टॉसिस). तसेच फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुप्फुसावरणाचा किंवा उदरावरणाचा कर्करोग) हे रोग संभवतात. रोग प्रकट होण्यास बहुधा दोन ते चार दशके लागतात. तोपर्यंत कामगाराचे काम सुटलेले असते, ही कायद्यापुढील मुख्य अडचण होय.

ब्रिटनमध्ये १९३१ साली धूळनियंत्रणाचे नियम करण्यात आले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून १९८६ मध्ये १६२ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टसच्या वापरावर बंदी घातली. भारतात १९८६ पासून खाणींचे नवे पट्टे देणे थांबविण्यात आले. मात्र पांढऱ्या ॲस्बेस्टसची (क्रिसोटाइल) आयात चालू राहिली.

भारतीय कायदे : कारखाने अधिनियम, १९४८ यामध्ये भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली धोकादायक प्रक्रियांविषयीचे प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार धोक्याची माहिती देणे, वैद्यकीय तपासणी करणे व हवेतील तंतूंचे प्रमाण मर्यादेत ठेवणे ही मालकाची जबाबदारी ठरली. ॲस्बेस्टॉसिस हा कळविण्यायोग्य रोग ठरविण्यात आला. नुकसानभरपाईसाठी कामगार भरपाई अधिनियम, १९२३ आणि कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ हे आधार होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निर्णयात कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जतन करावी, असा आदेशही त्यात आहे. रोगाच्या दीर्घ सुप्तावस्थेचा विचार त्यामागे दिसतो. मुंबईतील एका कारखान्याच्या १८१ कामगारांच्या तपासणीत (२००५ मध्ये प्रसिद्ध) सु. २३ टक्के कामगारांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. नोंदी व नियमित तपासणी यांची गरज त्यावरून स्पष्ट होते.

वरील तिन्ही अधिनियमांची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व सामाजिक सुरक्षा या संहितांनी घेतली असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. कारखान्याच्या व्याख्येतील किमान कामगारसंख्या यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी १० वरून २० व इतरत्र २० वरून ४० झाली आहे.

कायद्याची मर्यादा : पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात कुरकुंभ व शिरूर तालुक्यात रांजणगाव येथे औद्योगिक वसाहती आहेत. तेथील कारखान्यांवर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची देखरेख असते. परंतु अशा वसाहतींबाहेरच्या गावांत घरे, गोठे व कोंबड्यांच्या शेडी यांवर ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून ओळखले जाणारे ॲस्बेस्टसचे पत्रे बसविले जात आले आहेत. पत्रा अखंड असता धोका कमी असतो. करवतीने कापताना, भोके पाडताना किंवा जुना पत्रा फोडून उतरविताना तंतू हवेत मिसळतात. ही कामे करणारे गवंडी, सुतार व रोजंदारीवरील मजूर बहुधा दोघे-तिघे मिळून काम करतात. त्यांची हजेरी नसते, मग आरोग्यनोंद कोठून असणार? वीस वर्षांनी दम लागल्यास भरपाई मागावी तरी कोणाकडे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उरतो. धोकादायक काम चालणाऱ्या दहांहून कमी कामगारांच्या ठिकाणीही शासनास अधिसूचनेद्वारे संहिता लागू करता येते. या अधिकाराचा वापर होऊन अशा कामांची नोंद राहिली, तरच कायद्याचे संरक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचू शकेल. पत्रा पाण्याने भिजवून हातकरवतीने कापणे, तो न फोडता अखंड उतरविणे आणि तुकडे बंद पिशवीत ठेवणे, हे धूळ कमी करण्याचे साधे उपाय आहेत.