कोलूच्या पायऱ्या आणि काचेचं कपाट

नवरात्रात तंजावरला आतेबहिणीच्या सासरी गेले होते. भोसल्यांच्या मागोमाग सतराव्या शतकात दक्षिणेत आलेली आणि 1855 मध्ये मराठा राज्य संपल्यावरही तिथेच राहिलेली जी घरं आहेत, त्यांतलं हे एक. बोलणं मराठीच, पण त्यात तमिळ इतकं मुरलेलं की आपल्याकडून गेलेल्या माणसाला पहिले दोन दिवस कान देऊन ऐकावं लागतं. माजघरात सात पायऱ्यांचा कोलू, म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची आरास, मांडला होता. शेजारच्या खोलीत भाच्याचं काचेचं कपाट होतं. त्यात जपानी अ‍ॅनिमेतल्या पात्रांच्या तीसएक फिगर्स, म्हणजे छोट्या मूर्ती, खाली टीव्ही आणि गेमचा कन्सोल.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येत. कोलूसमोर अर्धा अर्धा तास रमत, ही जोडी कुठली, तो दशावतार केव्हा घेतला, असं विचारत. मग सुंडलची, म्हणजे कडधान्याच्या उसळीची, पुडी हातात घेऊन जाता जाता कपाटाकडे नजर जायची आणि प्रश्न ठरलेला: ‘एवढा नोकरीला लागला, अजून बाहुल्यांशी खेळतो?’ भाचा हसून गप्प बसायचा. मला ते फार लागलं. चार दिवस त्याच्याशी बोलत बसले, त्याची खोकी उघडून पाहिली, तो खेळतो त्या गेम्स शेजारी बसून पाहिले. आपण या छंदाबद्दल जे धरून चालतो, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे आणि जिथे खरी काळजी घ्यायला हवी तिकडे आपलं लक्षच नाही, असं माझं मत झालं आहे.

बाहुल्या लहान मुलांच्या, हा पहिला गैरसमज. आणि तो तंजावरात बोलला जावा याचं मला खरोखर नवल वाटलं. कोलू या तमिळ शब्दाचा अर्थच मुळी दरबार. देवी नऊ दिवस दरबार भरवून बसते आणि पायऱ्यांवर तिचा सगळा परिवार मांडायचा. पायऱ्यांची संख्या विषम, तीन, पाच, सात, नऊ. वर कलश आणि देव, खाली उतरत संत, राजे, माणसं, आणि अगदी खालच्या पायरीवर डाळ-तांदूळ मांडून बसलेला वाणी, म्हणजे चेट्टियार, आणि त्याची बायको. ‘मरपाची’ नावाची रक्तचंदनाच्या बाहुल्यांची जोडी तर मुलीला लग्नात आईकडून मिळते आणि दरवर्षी तिला नवे कपडे शिवले जातात. दर नवरात्रात एखादी तरी नवी बाहुली घ्यायची, असा रिवाज. हे सगळं कोण करतं? घरातल्या मोठ्या बायका. मुलांनी हात लावला तर त्यांना ओरडा बसतो.

तंजावरची स्वतःची बाहुली तर जगप्रसिद्ध आहे. तलैयाट्टी बोम्मै, म्हणजे मान डोलावणारी बाहुली. तिचे दोन प्रकार. राजा-राणीच्या जोडीचं बूड गोल आणि मातीने जड केलेलं असतं, वरचं अंग हलकं. त्यामुळे गुरुत्वमध्य अगदी तळाशी राहतो आणि कितीही ढकला, बाहुली उठून बसते. दुसरी नर्तकी. तिचे पाय, घागरा, धड आणि डोकं हे भाग सुटे असतात आणि एकावर एक टेकणावर तोललेले असतात, म्हणून वाऱ्याच्या झुळकीनेही ती डोलते. कागदाचा लगदा वाळवायचा, घासायचा, मग हाताने रंगवायचं. या बाहुलीला 2008-09 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती घेणारी गिऱ्हाइकं मोठी माणसंच असतात.

जपानकडे पाहिलं तर साम्य थक्क करणारं आहे. तिथे 3 मार्चला हिना मात्सुरी असते. लाल कापड घातलेल्या पायऱ्या, सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी, खाली दासी, वादक, सेवक. तोही दरबारच. आणि त्यांची दारुमा बाहुली? कागदाच्या लगद्याची, जड बुडाची, ढकलली तरी उठून बसणारी. दारुमा हे नाव बोधिधर्माचं, आणि एक परंपरा त्याला कांचीचा राजपुत्र मानते. तंजावरची बाहुली आणि ती बाहुली यांचा थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. अशी उठून बसणारी खेळणी अनेक देशांत आहेत. पण पायऱ्यांवर बाहुल्या मांडणाऱ्या एका समाजाने दुसऱ्याच्या छंदाला पोरकट म्हणावं, हे मला पटत नाही.

आजच्या फिगर्स या परंपरेतून सरळ आल्या असंही नाही. त्यांचं मूळ 1980 च्या दशकात आहे. आवडत्या पात्राची मूर्ती बाजारात नाही, म्हणून जपानमधले हौशी तरुण ती स्वतः घडवू लागले. राळेत ओतलेले सुटे भाग विकत, घेणाऱ्याने ते घरी जोडून रंगवायचे. याला गॅरेज किट म्हणत. त्याच दशकाच्या मध्यापासून ‘वंडर फेस्टिव्हल’ हा मेळा भरतो आहे. तिथली एक पद्धत मला फार आवडली. हौशी शिल्पकाराला मूळ हक्कदाराकडून फक्त त्या एका दिवसापुरती विक्रीची परवानगी मिळते. चोरी नाही आणि हौसही मारली जात नाही. रंगवून तयार मिळणाऱ्या फिगर्स नंतर रुळल्या. मोठ्या डोक्याच्या, दहा सेंटिमीटरच्या, चेहरे बदलता येणाऱ्या नेंडोरॉइड मालिकेची सुरुवात 2006 ची. यांतल्या कितीतरी फिगर्सच्या खोक्यावर ‘15 वर्षांवरील व्यक्तींसाठी’ असंच छापलेलं असतं. बनवणाऱ्याच्या मनातलं गिऱ्हाईक लहान मूल नव्हतंच.

अ‍ॅनिमे म्हणजे कार्टून, किंवा मग सगळंच अश्लील, ही दोन टोकाची मतंही भाच्याने ऐकलेली. दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत, आणि एकटी एकटीही नाहीत. अ‍ॅनिमेत लहान मुलांच्या गोष्टी आहेत, खेळांच्या आहेत, शोकांतिका आहेत, आणि काही फक्त प्रौढांनी पाहायच्याही आहेत. घरात काय आणायचं ते पाहून ठरवायचं, जसं पुस्तकांचं ठरवतो. युगो साको आणि राम मोहन यांनी भारत-जपान मिळून केलेला रामायणावरचा चित्रपट 1993 चा. जानेवारी 2025 मध्ये तो आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला तेव्हा तमिळ आवाजांतही होता. घरातल्या आजी तो नातवाबरोबर पाहून आल्या होत्या. तोही अ‍ॅनिमेच.

आता पैशांचं. ‘प्लास्टिकच्या तुकड्याला एवढे पैसे म्हणजे फसवणूक’ हे वाक्य मीही मनात म्हटलं होतं. मग भाच्याने एक फिगर हातात दिली आणि ती कशी बनते ते सांगितलं. मूर्तिकार आधी मूळ नमुना घडवतो, पूर्वी मातीत, आता बहुतेकदा संगणकावर. हक्कदार तो पाहतात, दुरुस्त्या सांगतात. मग धातूचे साचे, आणि तेच सर्वांत महाग पडतात. पीव्हीसीचे भाग ओतले की रंग फवारतात, बारीक काम हाताने. डोळे मात्र ठशाने छापतात, कारण डोळा एका केसाने चुकला तर पात्र ओळखू येत नाही. मागणी आधी नोंदवून घेतात, तेवढाच माल काढतात, आणि खोकं हाती यायला कधी कधी वर्ष उलटतं. त्यात आपल्याकडचं सीमाशुल्क. खेळण्यांवरचं मूळ शुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. फिगर खेळणं म्हणून गणली गेली, तर किमतीचा मोठा वाटा जपानला जातच नाही.

पण म्हणून स्वस्तातली घ्यावी, तर तिथेच खरी फसवणूक आहे. नकली फिगर्सचा, ज्यांना संग्राहक बूटलेग म्हणतात, बाजारात सुळसुळाट आहे. रंग कडेबाहेर गेलेला, सांधे उघडे, त्वचेला मेणचट चकाकी, खोकं उघडताच उग्र वास, खोक्यावर निर्मात्याची खूण किंवा हक्काचं लेबल नाही. अशी फिगर मूळ शिल्पकाराच्या पोटावर पाय देते, आणि तिच्या रंगात काय आहे हे कोणी तपासलेलं नसतं. ज्या घरात रांगणारं मूल आहे, तिथे ती येऊच नये. कमी पैशांत खरी हवी असेल तर एक रस्ता आहे. जपानमध्ये पंजाच्या यंत्रातून बक्षीस म्हणून मिळणाऱ्या फिगर्स असतात. त्या साध्या, पण अस्सल असतात आणि पुढे दुकानांतही येतात. भाच्याच्या कपाटातल्या निम्म्या तशाच आहेत.

‘पुढे किंमत वाढेल’ म्हणून कोणी घेत असेल, तर घेऊ नये. कंपनी तीच फिगर पुन्हा काढते आणि भाव एका रात्रीत उतरतो.

गेमबद्दल लोक जास्त चिडून बोलतात, आणि त्यामागे भीती आहे हे मला कळतं. गेम खेळणं म्हणजेच व्यसन, हा सगळ्यांत खोल रुतलेला समज. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आपल्या यादीत घेतला आहे, हे खरं. ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण व्याख्या नीट वाचावी. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला वरचं स्थान मिळत जाणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे इतकं तीव्र हवं की शिक्षण, नोकरी, नाती मोडकळीला यावीत, आणि साधारणपणे किमान 12 महिने चाललेलं हवं. रात्री जेवण झाल्यावर दोन तास खेळणारा आणि सकाळी वेळेवर कामाला जाणारा मुलगा यात बसत नाही. जो खरोखर बसतो, त्याला टोमणे नकोत, डॉक्टर हवा.

दुसरा समज गेम आणि जुगार एकच मानण्याचा. तमिळनाडूत हा दुखरा विषय आहे. ऑनलाइन पत्त्यांत पैसे हरून कर्जबाजारी झालेल्या माणसांच्या आत्महत्यांनी तिथली घरं हादरली आहेत. राज्याने ऑनलाइन जुगाराविरुद्ध 2022 मध्ये कायदा केला, त्याला राज्यपालांची संमती एप्रिल 2023 मध्ये मिळाली. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केंद्रीय कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने बंद केले. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ यांना वेगळं आणि मान्यतेचं स्थान दिलं. म्हणजे कायद्यानेच जी रेघ ओढली आहे, ती आपण घरात पुसतो. कन्सोलवर एकदाच विकत घेतलेली, कथा असलेली, शेवट असलेली गेम आणि दर डावाला पैसे मागणारं पत्त्यांचं ॲप, यांना एकाच नावाने ओरडण्यात मुलांना खरा धोका कुठला ते कळत नाही.

या दोहोंच्या मधे एक निसरडी जागा आहे, आणि पालकांनी तिथे डोळे उघडे ठेवावेत. जपानमध्ये नाणं टाकून मूठ फिरवली की बंद कुपीतून खेळणं पडतं, त्याला गाशापोन म्हणतात. काय पडेल ते आधी कळत नाही. फोनवरच्या ‘गाचा’ गेम्सनी ही युक्ती उचलली. फुकट खेळा, पण दुर्मीळ पात्र हवं असेल तर पैसे भरून नशीब आजमावा. यातला एक प्रकार जपानच्या ग्राहक यंत्रणेने 2012 मध्येच बेकायदा ठरवला. बेल्जियमने 2018 मध्ये पैसे भरून उघडायच्या अशा ‘लूट बॉक्स’ना जुगार म्हटलं. मुलगा किती वेळ खेळतो एवढंच विचारून भागत नाही. गेममध्ये पैसे भरतो का, कशासाठी भरतो, कार्ड कोणाचं जोडलं आहे, हे विचारायला हवं. खोक्यावर 3, 7, 12, 16, 18 असे वयाचे आकडे छापलेले असतील तर तेही वाचावेत. त्यांचा अर्थ गेम किती अवघड असा नसून, ती कोणत्या वयाला चालेल असा असतो.

खेळ म्हणजे वेळेचा नाश, असं मला तंजावर भागात ऐकवू नये. तिथून जवळच, मन्नारगुडीच्या बाजूला तिरुपूवनूरला शंकराचं देऊळ आहे. तिथला देव चतुरंग वल्लभनाथ. राजकन्येला बुद्धिबळात हरवून शंकराने तिच्याशी लग्न केलं, अशी तिथली कथा. घरातल्या आजी स्वतः चौदा खळग्यांच्या पल्लांगुळीत चिंचोके इतक्या झरझर वाटतात की नातू अजून त्यांना हरवू शकलेला नाही. व्हिडिओ गेमचं म्हणाल, तर 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते आणि भारताच्या तीर्थ मेहताने त्यात कांस्य मिळवलं. हांगझोऊला 2023 मध्ये ते पदकांचे खेळ झाले. याचा अर्थ प्रत्येक खेळणाऱ्याने पदकाची स्वप्नं पाहावीत असा नाही. छंदाला पदकाची गरज नसते.

विजयादशमीच्या रात्री आजींनी कोलूतली एक बाहुली आडवी केली. दरबार उठला याची ती खूण. दुसऱ्या दिवशी आम्ही एकेक बाहुली जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि ट्रंकेत घातली. मातीची आणि लगद्याची बाहुली अशीच टिकते, अंधारात, धूळ आणि ओल लागू न देता. आजी मायेने म्हणाल्या, ‘तुझ्याही गुंडाळून ठेवू का रे?’ भाच्याने त्यांना समजावलं, आणि ते ऐकण्यासारखं होतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. फिगर कोंडून ठेवली, त्यात तंजावरचा चैत्र-वैशाखाचा उकाडा, की ते द्रव्य पृष्ठभागावर येतं आणि फिगर चिकट होते. हवा खेळती हवी. ऊन लागलं तर रंग उडतो, फार तापली तर एका पायावर उभी असलेली फिगर हळूहळू वाकते. चिकट झालीच तर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुवायची आणि सावलीत वाळवायची.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःच खुर्ची ओढून कपाटासमोर बसल्या आणि खालच्या फळीपासून एकेक फिगर उचलून, हिचं नाव काय, ही कोणाची कोण, असं विचारू लागल्या. कपाटाची दोन्ही दारं उघडी होती.