शय्याव्रण : कागदावरील नियम खाटेपाशी कसे आणावेत?

घरातील एखादे वडीलधारे माणूस पक्षाघाताने किंवा मांडीचे हाड मोडून अंथरुणास खिळले, म्हणजे त्याच्या औषधपाण्याची आपण कसोशीने काळजी घेतो. पाठ पाहावयाची मात्र राहून जाते. आणि एके दिवशी माकडहाडावर चट्टा दिसतो. ज्यास आपण 'बेडसोअर' म्हणतो त्या शय्याव्रणाचा हाच आरंभ होय.

हाड व गादी यांच्यामध्ये कातडी दाबून राहिली की तेथील रक्तप्रवाह अडतो आणि काही तासांतच इजा सुरू होते. घामामूत्राचा ओलावा व रुग्णास ओढताना होणारे घर्षण तीत भर घालतात. माकडहाड, नितंब, टाचा आणि घोटे ही मुख्य धोक्याची ठिकाणे.

हा धोका आधी ओळखता यावा म्हणून इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांसह १९६२ साली गुणपद्धती प्रसिद्ध केली. २०१९ साली तर विस्तृत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली. म्हणजे ज्ञानाची वाण नाही. वाण आहे ती आचरणाची!

माझाच अनुभव सांगतो. आईच्या आजारात सूचनांचा छापील कागद आम्ही जपून कपाटात ठेवला. रात्री दोन वाजता कूस बदलावयाची असे. मला वाटे, धाकट्याने बदलली असेल. धाकट्यास वाटे, दादाने. आठव्या दिवशी टाचेवर फोड आला. तो भरून येण्यास अडीच महिने लागले.

त्यानंतर आम्ही खाटेपाशी दोरीने एक वही व पेन्सिल बांधली. वेळ, कूस आणि बदलणाऱ्याची सही, एवढेच तीत लिहावयाचे. कोणती पाळी कोणाची, हे संध्याकाळीच ठरे. पुन्हा फोड आला नाही.

वहीच्या पहिल्या पानावर पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात :

१. साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी. नेमके अंतर डॉक्टर किंवा परिचारिका ठरवितील. रुग्णास ओढू नये, चादरीसह उचलावे.

२. रोज सर्व अंग पाहावे. चट्ट्यावर बोट दाबून सोडल्यावर तो पांढरा न पडता लालच राहिला, तर इजा झाली असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे ऊन, कठीण वा दुखरे लागते का, ते चाचपावे.

३. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात.

४. ओले कपडे तत्काळ बदलावेत. डाळ, दूध, अंडी जे चालत असेल ते पोटात जाऊ द्यावे.

५. लाल जागी स्पिरिट चोळणे व रबरी कडे ठेवणे या जुन्या चाली सोडाव्यात. त्यांनी अपायच होतो.

हवेची गादी उपयोगी खरी, पण तीमुळे कूस बदलण्यातून सुटका होत नाही. कातडी फाटली, काळी पडली किंवा दुर्गंधी आली, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांस बोलवावे.

ज्या घरी आज कोणी अंथरुणावर असेल, त्यांनी हा अंक मिटण्यापूर्वी एवढेच ठरवावे : आज रात्री दोनची पाळी कोणाची?