बालकांच्या दातांना होणाऱ्या इजा : स्वरूप, परिणाम व प्रथमोपचार

प्रस्तावना :
दुधाचे दात पुढे पडणारच असतात, या समजुतीमुळे लहान बालकाच्या तोंडाला मार लागल्यास रक्तस्राव थांबताच पालक निश्चिंत होतात. प्रत्यक्षात ही इजा दुधाच्या दातापुरतीच मर्यादित राहते असे नाही. म्हणून तिचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे ठरते.

इजेचे स्वरूप :
दुधाचे एकूण 20 दात साधारणतः वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत येतात. याच काळात मूल चालण्या-धावण्यास शिकते. तोल जाऊन पडताना वरच्या जबड्यातील मधल्या पटाशीच्या दातांना सर्वाधिक मार बसतो. या वयात जबड्याचे हाड लवचीक असल्याने दात तुटण्यापेक्षा हलणे, सरकणे वा हिरडीत रुतणे हे प्रकार अधिक आढळतात.

परिणाम :
दुधाच्या दाताच्या मुळाजवळच कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो. आघात तेथवर पोहोचल्यास पुढे येणाऱ्या दातावर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात, क्वचित त्याचा आकार बिघडतो किंवा तो उशिरा येतो. पटाशीच्या दातांबाबत हे परिणाम सहाव्या-सातव्या वर्षानंतरच दृष्टीस पडतात.

प्रथमोपचार :
जखम पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी. दुधाचा दात मुळासकट निखळल्यास तो पुन्हा बसवू नये, कारण त्यामुळे खालच्या अंकुरास इजा पोहोचू शकते. निखळलेला दात सापडला नाही, तर तो श्वासमार्गात गेल्याची शक्यता वैद्यकीय तपासणीने दूर करावी. हिरडीत रुतलेला दात ओढू नये. तो बहुधा काही महिन्यांत आपोआप खाली येतो.

कायमच्या दाताबाबत नियम नेमका उलट आहे. तो मुळाला स्पर्श न करता वरच्या भागाने धरावा, दुधाने किंवा पाण्याने हलकेच धुऊन त्वरित जागी बसवावा. ते शक्य नसल्यास दुधात ठेवून दंतवैद्याकडे न्यावे. मुळावरील जिवंत पेशी कोरड्या अवस्थेत 60 मिनिटांनंतर बहुतांशी मृत होतात. दात कोणता याविषयी शंका असल्यास तो न बसवता दुधात ठेवणेच श्रेयस्कर होय.

समारोप :
सारांश, येथे उपचाराची दिशा दाताच्या प्रकारावर अवलंबून असते आणि अपघातस्थळी हा निर्णय बहुधा पालक किंवा शिक्षकालाच घ्यावा लागतो. त्यामुळे शिक्षक-प्रशिक्षण व अंगणवाडी-प्रशिक्षणात या विषयाला स्थान मिळणे आवश्यक आहे.