घाट उतरताना बॅटरी किती भरते?

वरळीत डॉ. ई. मोझेस रोडवरच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात विजेवर चालणारे एक जुने, अवजड रेल्वे इंजिन उभे आहे. दोन्ही टोकांना लांब नाकाडे, मधोमध उंच धड. जी.आय.पी. रेल्वेने १९२८ पासून अशी ४१ इंजिने परदेशातून आणली. बोर घाटात आणि थळ घाटात मालगाड्या ओढणे हे त्यांचे काम. रेल्वेच्या माणसांनी त्यांचे नाव ठेवले ‘खेकडा’.

त्याच वरळीत आता टॉवरच्या पार्किंगमध्ये प्लग-इन हायब्रिड गाड्या दिसू लागल्या आहेत. या गाड्यांत पेट्रोलचे इंजिन असते, विजेची मोटर असते आणि घरच्या चार्जरवर भरता येईल एवढी मोठी बॅटरीही असते. शनिवारी लोणावळा किंवा महाबळेश्वर गाठायचे आणि रविवारी घाट उतरून परत यायचे, हा नेहमीचा शिरस्ता. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की डॅशबोर्डवरचा काटा ‘चार्ज’च्या बाजूला झुकतो, आणि गाडीत चर्चा सुरू होते. त्या चर्चेत खरे कमी आणि ऐकीव जास्त असते.

गैरसमज : उतारावर वीज तयार करणे हे नवे तंत्र आहे.

वस्तुस्थिती : खेकडा हे काम जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी करत होता. मोटरला वीज दिली की ती चाक फिरवते. चाकानेच मोटर फिरवली की ती वीज बनवते आणि तसे करताना चाकाला रोखते. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, थोडक्यात ‘रीजेन’, म्हणतात. बोर घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र. तिथे उतरणाऱ्या गाडीच्या मोटरी तयार झालेली वीज वरच्या तारेत परत सोडत आणि त्याच तारेवर चालणाऱ्या दुसऱ्या गाडीला ती उपयोगी पडे. मुंबईच्या लोकलमध्ये २००७ नंतर आलेले नवे रेकही थांबताना हेच करतात.

एक अट मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे : तयार झालेली वीज घ्यायला कोणीतरी हवे. रेल्वेत ते काम दुसरी गाडी करते, मोटारीत बॅटरी. उरलेले बहुतेक गैरसमज ही अट विसरल्यामुळेच होतात.

गैरसमज : चढताना खर्च झालेली वीज उतरताना सगळी परत मिळते.

वस्तुस्थिती : हिशेब करून पाहू. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन २,००० किलो समजू. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत ती अंदाजे ५०० मीटर खाली येते. एवढ्या उंचीत साठलेली ऊर्जा होते सुमारे २.७ युनिट. हे युनिट म्हणजे बेस्टच्या लाइट बिलावरचेच, एक किलोवॅट-तास. त्यातले जवळपास एक युनिट टायरांचे घर्षण आणि हवेचा विरोध खाऊन टाकतात. उरते ते मोटर, इन्व्हर्टर, बॅटरी असा प्रवास करून पुन्हा चाकापर्यंत यायचे, तर प्रत्येक टप्प्यावर गळती आहेच. शेवटी हाती लागते एक ते सव्वा युनिट. त्यावर गाडी सहा-सात किलोमीटर चालेल, म्हणजे वरळी नाक्यावरून गिरगाव चौपाटी गाठता येईल.

चढतानाचे गणित उलटे असते. तेच २.७ युनिट द्यावे लागतात, वर घर्षण आणि गळतीचेही भरावे लागतात. चार युनिट खर्चून एक-सव्वा परत मिळते, असा हा व्यवहार आहे. तरीही तो फायद्याचाच, कारण साध्या पेट्रोल गाडीत उतारावरची ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात आणि इंजिनाच्या विरोधात संपते.

गैरसमज : घाट उतरण्याआधी बॅटरी शंभर टक्के भरून घ्यावी.

वस्तुस्थिती : इथे बरेच जण फसतात. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जर लावून सकाळी पूर्ण भरलेली गाडी आंबेनळी घाटात उतरवणे म्हणजे काठोकाठ भरलेल्या पिंपात नळ सोडणे. भरलेली बॅटरी आणखी वीज घेत नाही. त्यामुळे मोटरचा ब्रेक कमी होतो किंवा बंदच होतो. बॅटरीला इजा होऊ नये म्हणून संगणक हे स्वतःहून करतो.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे आणि पोलादपूर जवळजवळ कोकणच्या पातळीवर. सुमारे ४० किलोमीटरच्या या उतारात घर्षण आणि गळती वजा जाता तीनएक युनिट बॅटरीत जाऊ शकतात. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी साधारण १५ ते २० युनिटांची धरली, तर वर असताना पाचवा हिस्सा रिकामा ठेवला की पुरते. हॉटेलात चार्ज करायचेच असेल तर ८० टक्क्यांवर थांबावे. गाडीत ‘होल्ड’ किंवा ‘सेव्ह’ मोड असेल, तर बॅटरी राखण्यासाठी तो सपाट हायवेवर वापरावा. घाटमाथ्याजवळ आल्यावर विजेवर चालवून जागा करावी.

गैरसमज : उतारावर इंजिनाचा आवाज वाढला म्हणजे पेट्रोल जळते आहे.

वस्तुस्थिती : हा अनुभव प्लग नसलेल्या हायब्रिड गाड्यांत जास्त येतो. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या हायब्रिडची बॅटरी एक युनिटाहूनही लहान असते, त्यामुळे खंडाळ्याच्या निम्म्या उतारातच ती भरते. मग अनेक गाड्यांत जादा वीज वापरूनच इंजिन फिरवले जाते. त्यात पेट्रोल सोडलेले नसते. इंजिन नुसते हवा दाबत राहते आणि ब्रेकचे काम करते. पाय सोडलेला असतानाही आरपीएम चढतो, नवा चालक दचकतो आणि गाडी बिघडली म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन करतो. खरे तर गाडी त्याचे ब्रेक वाचवत असते.

गिअरच्या दांड्यावरचे ‘बी’ हे अक्षरही याच कामाचे. टोयोटाच्या बऱ्याच हायब्रिडमध्ये ‘बी’ म्हणजे इंजिनाचा ब्रेक जोडीला घेणे. त्याने बॅटरी जास्त भरते असे नाही. पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांत मात्र अशाच खुणेचा अर्थ सहसा ‘जास्त रीजेन’ असा होतो. गाडीसोबत आलेले पुस्तक एकदा उघडून पाहणे बरे.

गैरसमज : जितका जोरात ब्रेक, तितकी जास्त वीज.

वस्तुस्थिती : वीज घेण्याच्या वेगालाही मर्यादा असते. ताशी ५० किलोमीटरने सावकाश घाट उतरताना मोटरला साधारण १० किलोवॅटच पेलावे लागतात, आणि ते ती सहज पेलते. हीच गाडी १०० च्या वेगाने सोडून वळणाआधी कचकचून ब्रेक मारला, तर क्षणभर दोनशे किलोवॅटहूनही जास्त शक्ती रोखावी लागते. तेवढी प्लग-इन हायब्रिडच्या मोटरला आणि बॅटरीला झेपत नाही. बाकीची ब्रेक पॅड आणि डिस्क उष्णतेच्या रूपात उडवतात. एबीएस लागला तर बहुतेक गाड्या रीजेन लगेच कमी किंवा बंद करतात.

म्हणून ब्रेक पेडल अजिबात दाबू नये, असेही नाही. या गाड्यांत पेडल हलके दाबले की आधी मोटर रोखते. जोर वाढला की डिस्क मदतीला येतात. दोन्हींची सांधेजोड संगणक करतो. वळण लांबून ओळखून हलका आणि लांब ब्रेक लावणारा चालक सगळ्यांत जास्त वीज कमावतो.

गैरसमज : उतारावर न्यूट्रल केले की इंधन वाचते.

वस्तुस्थिती : न्यूट्रलमध्ये मोटर चाकाला रोखत नाही, म्हणजे वीजही मिळत नाही आणि ब्रेकही. साध्या पेट्रोल-डिझेल गाडीतही फायदा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की आजची इंजिने इंधन बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे इंधन जळतेच. बोर घाटात न्यूट्रलवर सुटलेले आणि ब्रेक तापून निकामी झालेले ट्रक हे अपघातांचे जुने कारण आहे.

गैरसमज : पाय काढला की गाडी मंदावते, पण मागच्याला दिवा दिसत नाही.

वस्तुस्थिती : संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकविषयक नियमावलीत याची तरतूद आहे. रीजेनमुळे वेग दर सेकंदाला सेकंदी १.३ मीटरपेक्षा जास्त घटत असेल, तर ब्रेक लाइट लागलाच पाहिजे. ०.७ च्या आत असेल तर तो लागत नाही, कारण एवढे मंदावणे इंजिन ब्रेकिंगसारखेच असते. घाटात मागून येणाऱ्याने म्हणूनच थोडे जास्त अंतर ठेवावे.

गैरसमज : रीजेन आहे, म्हणजे ब्रेककडे बघायला नको.

वस्तुस्थिती : पॅड कमी झिजतात हे खरे, पण वरळीत दुसरीच अडचण असते. सी फेसजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या डिस्कवर खारी हवा बसते आणि पावसाळ्यात एका रात्रीत नारिंगी गंज दिसू लागतो. साध्या गाडीत तो पहिल्या दोन-चार सिग्नलांवर घासून निघतो. हायब्रिडमध्ये डिस्क फारशा वापरल्याच जात नाहीत, त्यामुळे गंज साचतो, कॅलिपर अडकतात आणि ब्रेकमधून करकर ऐकू येते. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, दोन-तीनदा जरा दाबून ब्रेक लावल्यास डिस्क साफ होतात. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषते आणि मग कमी तापमानाला उकळते. म्हणून गाडी कितीही कमी चाललेली असली, तरी कंपनीने दिलेल्या मुदतीत ते बदलून घ्यावे लागते, आणि घाटाचा बेत असेल तर त्याआधीच.