बांध फुटलेली पेशी

शिवथरच्या खोऱ्यापासून समुद्रकाठापर्यंत कोकणात अनेकजण मिश्रीला व्यसन मानत नाहीत. दात घासायची पूड, एवढीच तिची ओळख. प्रत्यक्षात ती भाजलेली तंबाखू असते. हिरड्यांवर ती रोज चोळली की त्याखालच्या पेशींत नेमके काय घडते?

तोंडाचे आतले अस्तर सतत झिजते आणि नव्याने तयार होते. नवी पेशी कधी तयार करायची, हे पेशी मनाने ठरवत नाही. शेजारून रासायनिक निरोप येतो. पेशीच्या पृष्ठभागावरचे ‘ईजीएफआर’ नावाचे प्रथिन तो पकडते, आतल्या ‘रास’ या प्रथिनाकडे देते आणि तिथून निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. यालाच संदेशमार्ग म्हणतात. उतारावरच्या भातखाचरांत वरचे पाणी बांधातल्या वाटेने खालच्या खाचरात उतरते, तसेच हे आहे. गरज संपली की वाट बुजवायची असते. निरोगी पेशीही काम झाल्यावर निरोप थांबवते.

तंबाखूतील नायट्रोसामाइन ही रसायने पेशीतील डीएनएला इजा करतात. बहुतेक इजा दुरुस्त होतात. वर्षानुवर्षे मारा चालू राहिला की काही राहून जातात. ‘रास’च्या जनुकात बिघाड झाला, तर वरून निरोप आला नाही तरी ‘वाढ, वाढ’ हा हुकूम चालूच राहतो. म्हणजे मधलाच बांध फुटलेला. सोबत ‘टीपी५३’सारखे रखवालदार जनुक निकामी झाले की गाठीला मोकळे रान मिळते.

हे बिघाड आपल्याकडच्या रुग्णांतही सापडले आहेत. हिरड्या आणि गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग भारतात खूप आढळतो. रायगड जिल्ह्यातल्याच खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आणि पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी या कर्करोगाच्या जनुकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ‘टीपी५३’, रास कुटुंबातील ‘एचरास’ आणि ‘नॉच१’ या जनुकांत बिघाड दिसले. ‘नॉच१’ एरवी अस्तरातल्या पेशींना परिपक्व व्हायला, वाढ थांबवायला सांगते.

मार्ग कळला की तो अडवताही येतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५३६ रुग्णांवर झालेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. किरणोपचार व सिस्प्लॅटिनच्या जोडीला ईजीएफआर रोखणारे निमोटुझुमॅब दिले, तेव्हा दोन वर्षांनंतर आजार न बळावलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवरून ६२ टक्क्यांच्या आसपास गेले. एकूण जगण्याच्या काळात मात्र ठोस फरक दिसला नाही. वरची वाट बुजवली तरी खालचा बांध फुटलेला असेल, तर पाणी वाहतच राहते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे स्पष्ट झाले आहे. तिथे रास बिघडलेले असेल तर ईजीएफआर रोखणारी औषधे चालत नाहीत, म्हणून आधी जनुकचाचणी करतात.

म्हणून खरी संधी आहे ती सगळे बांध फुटण्यापूर्वी. हे बिघाड एका रात्रीत होत नाहीत, साचायला वर्षे लागतात. त्या काळात तोंड अनेकदा इशारा देते: न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड कमी उघडणे, तिखट सहन न होणे. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. केरळमधील मोठ्या अभ्यासात तंबाखू वा दारू घेणाऱ्यांची तोंडे नियमित तपासल्याने तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्या तपासणीला लागला तो चांगला उजेड आणि प्रशिक्षित नजर.

घरात मिश्रीची डबी असेल तर ती आधी बाहेर काढा. मग आई, आजी, काकू यांना एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दंतवैद्याकडे घेऊन जा आणि तोंड दाखवा.