पंपावरचे ऑईलयंत्र प्रयोगशाळेत

टू-स्ट्रोक स्कूटरच्या काळात पेट्रोलपंपावर एक छोटेसे यंत्र असे. पत्र्याची टाकी, वर दांडा आणि पुढे तोटी. दांडा एकदा ओढला की ठराविक ऑईल बाहेर येई. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळी टाकी नसे. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळून जळे. ते कमी पडले तर दट्ट्या जाम होई, जास्त झाले तर धूर होई. म्हणून मापाला महत्त्व होते. दिल्लीत 1998च्या अखेरीस सुटे ऑईल विकण्यावर बंदी आली. पुढे फोर-स्ट्रोक गाड्या आल्या आणि ही यंत्रे अडगळीत पडली. नंदुरबार–दोंडाईचा पट्ट्यातल्या रनाळ्यासारख्या गावातल्या शाळेला भंगारात असे एखादे यंत्र मिळाले, तर त्याचे काय करता येईल?

आधी ते चालते कसे ते पाहू. आत एक उभे नळकांडे, त्यात दट्ट्या आणि दोन एकमार्गी झडपा असतात. दट्ट्या वर जाताना खालची झडप उघडून ऑईल आत येते. खाली येताना ती मिटते आणि दुसऱ्या झडपेतून ऑईल बाहेर पडते. बोअरच्या हातपंपातही अशाच झडपा असतात. माप ठरते ते दट्ट्याचे क्षेत्रफळ गुणिले त्याची धाव यावरून. व्यास 2 सें.मी. आणि धाव 6.4 सें.मी. असेल, तर 3.14 × 6.4 म्हणजे सुमारे 20 मि.ली. लिटरभर पेट्रोलला 2 टक्के ऑईल हवे असेल, तर नेमके एवढेच लागते.

हे माप चुकते कसे? वॉशर झिजला की दट्ट्याच्या कडेने द्रव मागे झिरपतो. किती झिरपेल हे द्रवाच्या श्यानतेवर, म्हणजे दाटपणावर अवलंबून असते. पाणी पातळ, म्हणून ते जास्त झिरपते. त्यामुळे ऑईलला बरोबर माप देणारा जुना पंप पाण्याला कमी देऊ शकतो! उन्हाळ्यात ऑईलही पातळ होते. थंडीत उलटी अडचण येते: दांडा भरकन ओढला तर दाट ऑईल नळकांड्यात पुरते भरतच नाही.

मुलांकडून हे मोजून घ्या. मोजपात्रात दहा वेळा ओढून एकूण माप घ्यावे. समजा 200 ऐवजी 182 मि.ली. आले, तर तूट 9 टक्के झाली. मग हळू आणि जोरात ओढून, नवा वॉशर बसवून पुन्हा मोजावे. ऑईलचे प्रसरण अंशामागे सुमारे 0.07 टक्के असते. 30 अंशांच्या फरकाने 20 मि.ली.त जेमतेम 0.4 मि.ली. फरक पडेल. तेव्हा मोठी चूक प्रसरणाची की गळतीची, हे मुलेच आकड्यांवरून ठरवतील.

दुरुस्तीत मात्र काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावू नये. आतल्या थराची वाफ हवेत मिसळून स्फोट होऊ शकतो. रिकाम्या पिंपांना वेल्डिंग करताना माणसे दगावतात ती याचमुळे. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाला 90 भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. म्हणून रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. ओला करून, मोठ्यांनीच काढावा. आतले जुने ऑईल नाल्यात किंवा मातीत ओतू नये. मान्यताप्राप्त संकलकाकडेच द्यावे. टाकी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोनतीनदा धुवावी आणि ते पाणीही विहिरीजवळ सांडू नये.

अशी टाकी खाद्यतेल किंवा पिण्याच्या पाण्यासाठी कधीही वापरू नये. कितीही धुतली तरी सांध्यांत अवशेष राहतात. दुकानात माप म्हणूनही तिचा उपयोग करता येणार नाही. विक्रीच्या मापाची पडताळणी वैधमापन विभागाकडून व्हावी लागते.

शाळेत मात्र तिचा उपयोग मोठा आहे. एका बाजूने नळकांडे कापून दाखवता आले (तेही मोकळे करून, स्वच्छ धुऊन आणि हातकरवतीनेच), तर दाब, झडप, श्यानता, घनफळ आणि मोजमापातली चूक हे पाच धडे एकाच वस्तूत शिकवता येतात. भंगारवाल्याने वजनावर घेतलेल्या वस्तूची खरी किंमत मग मुलांनाच कळेल.