‘मिडनाइट मास’मधला व्हॅम्पायर एक शब्दही बोलत नाही, तरी अख्खं बेट त्याच्या नादी कसं लागतं?

हॉरर सिरीजमधला हजारो वर्षं जुना व्हॅम्पायर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काळा कोट, जड आवाज, जुना वाडा आणि ‘तुम्हा माणसांचं आयुष्य ते केवढं’ छापाचे लांबलचक डायलॉग. नेटफ्लिक्सवरच्या ‘मिडनाइट मास’मध्ये यातलं काहीच नाही. २४ सप्टेंबर २०२१ ला आलेली ही सात भागांची सिरीज माईक फ्लॅनगनची. तिच्यातला व्हॅम्पायर तोंडातून एक शब्द काढत नाही. त्याला नाव नाही, भूतकाळ नाही, तो कोणाला धमकी देत नाही. गंमत म्हणजे सातही भागांत ‘व्हॅम्पायर’ हा शब्दच कोणी उच्चारत नाही. सगळे त्याला ‘देवदूत’ म्हणतात.

आणि त्या एका शब्दापायी अख्खं गाव मरतं.

(इथून पुढे शेवटासकट सगळी गोष्ट उघड होणार आहे. सिरीज बघायची असेल तर आधी बघून या.)

क्रॉकेट आयलंड हे अमेरिकेतलं एक छोटंसं बेट. लोकसंख्या फक्त १२७. पूर्वी इथं बऱ्यापैकी वस्ती होती, मासेमारी होती. मग समुद्रात तेलगळती झाली आणि धंदा बसला. नुकसानभरपाई मिळाली तीही तुटपुंजी, आणि तिच्यातला मोठा वाटा चर्चची कर्तीधर्ती बेव्ह कीन हिने लोकांना दान करायला लावला. ज्यांना जाणं जमलं ते बेट सोडून गेले. उरलेल्यांकडे जुनी लाकडी घरं, कर्ज आणि सेंट पॅट्रिक चर्च.

अशा बेटावर दोन जण येतात. एक रायली फ्लिन. दारू पिऊन गाडी चालवताना त्याच्या हातून एका तरुणीचा जीव गेलेला असतो आणि चार वर्षं तुरुंगात काढून तो आईवडिलांकडे परततो. दुसरे फादर पॉल. गावचे वृद्ध धर्मगुरू मॉन्सिनॉर प्रुइट पवित्र भूमीच्या यात्रेला गेलेत, तिकडे आजारी पडलेत, म्हणून आपण बदली आलोय असं ते सांगतात. त्यांच्या सामानात एक भलीमोठी पेटी असते.

पुढे चमत्कार सुरू होतात. गोळी लागून पाय लुळे पडलेली लीझा ही मुलगी भर चर्चमध्ये खुर्चीतून उठते आणि चालत ख्रिस्तप्रसाद घ्यायला जाते. कोणाचा चष्मा सुटतो, कोणाची पाठदुखी जाते. विसरभोळेपणाने अंथरुणाला खिळलेली म्हातारी मिल्ड्रेड दिवसेंदिवस तरुण दिसायला लागते. रिकामं चर्च भरतं.

खरी गोष्ट तिसऱ्या भागात कळते. फादर पॉल म्हणजेच मॉन्सिनॉर प्रुइट! स्मृतिभ्रंश झालेला हा म्हातारा दमास्कसच्या वाटेवर भरकटतो, वादळात सापडतो आणि एका पुरातन भग्नावशेषात शिरतो. तिथं अंधारात पंख असलेलं काहीतरी असतं. ते त्याचं रक्त पितं, मग स्वतःचं रक्त त्याला पाजतं. सकाळी तो जागा होतो तेव्हा ऐन जवानीत असतो.

आता विचार करा. आयुष्यभर बायबल वाचलेला माणूस. अंधारात पंखवाला, भयंकर चेहऱ्याचा जीव दिसतो आणि म्हातारपण एका रात्रीत पुसलं जातं. बायबलमध्येही देवदूत दिसला की माणसं आधी घाबरतातच. शिवाय दमास्कसचीच वाट, जिथं शौलाला साक्षात्कार झाला आणि तो पुढे संत पॉल झाला. प्रुइटनी नवं नावही तेच घेतलं. म्हणजे पुरावे डोळ्यांसमोर होते, फक्त त्यांचा अर्थ लावणाऱ्याला उत्तर आधीच हवं तसं ठरवायचं होतं.

प्रसादातच विष

ही सिरीज बाकी व्हॅम्पायरपटांपासून इथंच वेगळी होते, आणि तिचा मुद्दा कळायला थोडं मागे जावं लागेल.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ ची. तिच्यात प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग ड्रॅक्युलाशी लढताना क्रूस तर वापरतोच, पण चर्चमधला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ती पातळ भाकरीही हत्यार म्हणून वापरतो. स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’मध्येही एक प्राचीन व्हॅम्पायर, कर्ट बार्लो, अमेरिकेतल्या छोट्या गावात येतो. तिथंही क्रूस चालतो, फक्त धरणाऱ्याची श्रद्धा पक्की हवी. थोडक्यात, व्हॅम्पायर बाहेरचा आणि धर्म ही त्याच्याविरुद्धची ढाल, हा जुना नियम.

फ्लॅनगनने हा नियम उलटा केला. त्याच्या व्हॅम्पायरला क्रूसाचं काही वाटत नाही. तो चर्चमध्ये येतो, पुरोहिताची वस्त्रं घालून वेदीपाशी उभा राहतो. आणि ख्रिस्तप्रसाद हे त्याच्याविरुद्धचं हत्यार नसून त्याचा प्रसार करण्याचं साधन आहे.

कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सात (आपल्याकडे वसईतले मराठी ख्रिस्ती ‘मास’ला मिस्साच म्हणतात) भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ते रक्त पिण्याचा आणि अनंतकाळच्या जीवनाचा संबंध थेट जोडलेला आहे. फादर पॉल द्राक्षारसात खरोखरच रक्त मिसळतात. देवदूताचं. लोक दर मिस्साला ते पितात आणि बरे होतात.

यामागचा हिशेब असा: रक्त पोटात आहे तोवर तुम्ही धडधाकट, उलट तरुण होत जाता. पण ते अंगात असताना मेलात, तर पुन्हा उठता. मग तहान फक्त रक्ताची, आणि ऊन अंगावर पडलं की जळून खाक. बेटावरची डॉक्टर सारा गनिंग काढलेल्या रक्ताचा नमुना उन्हात धरते आणि तो पेट घेतो. (उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही समजूत १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ सिनेमापासून रूढ झाली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही फिरू शकायचा.)

मग व्हिलन कोण?

पंखवाला जीव बहुतेक वेळ एवढंच करतो: भूक लागली की रक्त पितो. बेटावरच्या मांजरांपासून त्याची सुरुवात होते. तो साप किंवा बिबट्या असावा तसा आहे. त्याला संदेश, योजना, पवित्र उद्देश हे सगळं माणसांनी दिलं.

त्यात सगळ्यात पुढे बेव्ह कीन. फादर पॉलनी एका माणसाचं रक्त पिऊन त्याला मारलंय हे कळल्यावर ती किंचाळत नाही, पोलिसांना बोलवत नाही. ती बायबलमधलं योग्य वचन शोधते. तिच्याकडे प्रत्येक प्रेतासाठी एक वचन तयार असतं. माझ्या मते सिरीजमधली सगळ्यात भीतिदायक व्यक्ती तीच, कारण तिच्यासारखं माणूस आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या सोसायटीत, मंडळात, फॅमिली ग्रुपवर पाहिलेलं असतं. तिला चमत्काराची गरजच नव्हती, अधिकार मिळाला तरी पुरलं असतं.

फादर पॉलचं प्रकरण जास्त अवघड. ते ढोंगी नाहीत, आणि शेवटी ते जे कबूल करतात ते देवाबद्दल नसतंच. तरुणपणी त्यांचं मिल्ड्रेडवर प्रेम होतं, डॉक्टर सारा ही त्यांचीच मुलगी. त्या दोघींबरोबर आणखी थोडा वेळ मिळावा, त्यांनी मरू नये, एवढ्यासाठी त्यांनी ती पेटी समुद्रापार आणली. बाकीचं धर्मशास्त्र नंतर चिकटवलेलं.

रायली हा याचा दुसरा टोकाचा माणूस. फ्लॅनगन स्वतः लहानपणी चर्चमध्ये ऑल्टर बॉय होता आणि दारूच्या व्यसनातून बाहेर आलेला आहे, आणि रायलीच्या प्रसंगांत ते जाणवतं. पाचव्या भागात रायलीलाही व्हॅम्पायर केलं जातं. तो एरिनला होडीत बसवून भर समुद्रात नेतो, सगळं सांगतो आणि सूर्योदयाची वाट बघतो. पळायला जागा उरू नये म्हणूनच तो तिथं गेलेला असतो. फादर पॉलनी जे स्वतःच्या माणसांसाठी केलं नाही, ते हा करतो.

हो, सिरीजमध्ये भाषणं फार आहेत. दोन माणसं सोफ्यावर बसून मरणानंतर काय होतं यावर कितीतरी मिनिटं बोलतात. अनेकांनी तिथंच टीव्ही बंद केला असेल. पण व्हॅम्पायर मुका असेल तर बोलायचं काम माणसांवरच येणार.

सहाव्या भागातली मध्यरात्रीची ईस्टर मिस्सा बघवत नाही. लोक आपल्या हाताने विषाचे पेले उचलतात, कारण मेलो तर पुन्हा उठणार आहोत. १९७८ साली गयानातल्या जोन्सटाउनमध्ये जिम जोन्सच्या पंथातले ९०० हून जास्त लोक मेले, बहुतेक जण विषारी पेयाने. तो प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. चर्चमधल्या काहींना शेवटच्या क्षणी नको वाटतं. पण तोवर दारं बंद असतात.

उठलेल्यांनी मुख्य भूमीकडे जाऊ नये म्हणून एरिन, सारा आणि शेरीफ हसन यांच्यासह थोडे लोक होड्या आणि उन्हापासून आडोसा देणाऱ्या इमारती जाळायला निघतात. तो जीव एरिनला पकडून तिचं रक्त पीत असतो, तेव्हा ती चाकूने त्याचे पंख फाडत राहते. ती प्रतिकार करतेय याकडे त्याचं लक्षच नसतं, इतका तो भुकेला. पहाटे गावकरी आपण काय केलं हे कळून एकत्र गाणं म्हणत उन्हाची वाट बघतात. एकटी बेव्ह वाळूत हातांनी खड्डा खणत असते.

फाटक्या पंखांनी तो जीव समुद्रावरून उडत जाताना दिसतो. तो वाचला की मेला, हे थेट दाखवलेलं नाही. पण एका छोट्या होडीत लीझा आणि वॉरन ही दोन मुलं उरलेली असतात, बेट जळताना बघत. ऊन वर येतं आणि लीझा सांगते की तिला आपले पाय जाणवत नाहीयेत.

तिच्या अंगातलं ते रक्त संपलं होतं.